मेंदूचा लगाम आणि तो धरणारे हात



मी यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत काम करणारा मनुष्य आहे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. असा मनुष्य व्याख्यानाला उभा राहिला की तो मजुरीवाढ, बोनस नाहीतर कामाचे तास यांवर बोलणार, हे श्रोते घरूनच ठरवून आलेले असतात. मी चिटणीसांना मेंदूतील एंझाइमांचा विषय कळवला, तेव्हा पत्र चुकून दुसऱ्याच कोणाचे तर आले नाही ना, याची त्यांनी विचारपूस केली. पत्र माझेच होते. विषय का निवडला ते ओघात कळेलच. आरंभी एवढेच सांगतो की, विषय दिसायला प्रयोगशाळेतला असला तरी त्याची गाठ एका अगदी साध्या प्रश्नाशी आहे. आपल्या डोळ्यांदेखत एखाद्याला फिट आली, तर पहिल्या पाच मिनिटांत आपण काय करावे?

आपल्याकडे चालणे म्हणजे काम आणि थांबणे म्हणजे आळस, अशी एक समजूत रूढ आहे. मालकवर्गात ती जरा अधिक रूढ आहे. परंतु मागावर काम केलेल्या कोणालाही विचारा. आडवा धागा तुटला की माग तत्क्षणी थांबवणारा एक छोटा काटा मागाला असतो. तो काटा बिघडला तर माग थांबत नाही हे खरे. पण म्हणून कापड जास्त निघते काय? माग धडधडत राहतो आणि कापड मात्र तयार होत नाही. म्हणजे थांबवणारा काटा हासुद्धा धोट्याइतकाच कापडाचा कर्ता आहे. मेंदूचे नेमके असेच आहे. मेंदूत चेतवणारी एक व्यवस्था आहे आणि आवर घालणारी दुसरी आहे. दुसरी ढिली पडली तर माणूस अधिक हुशार होत नाही; त्याला फिट येते.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एका पेशीतून विजेची लहर निघते आणि टोकापर्यंत जाते. पुढे मात्र बहुतेक ठिकाणी अत्यंत बारीक फट असते. लहर ती फट उडी मारून ओलांडत नाही. टोकाला आलेली लहर तेथे साठवलेले एक रासायनिक द्रव्य सोडते; ते फट ओलांडून पलीकडच्या पेशीच्या कातडीवर बसवलेल्या प्रथिनाला जाऊन चिकटते. त्या द्रव्याला आपण संदेशद्रव्य म्हणू आणि त्या प्रथिनाला ग्राही म्हणू. ग्लुटामेट नावाचे संदेशद्रव्य आले की पलीकडची पेशी पेटण्याकडे झुकते. गाबा नावाचे आले की ती शांत राहण्याकडे झुकते. मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे आपण विचार करतो त्या भागात, पाचांतील साधारण एक पेशी ही गाबा सोडणारी, म्हणजे आवर घालणारी असते. चार बोलणारे आणि एक ‘जरा थांबा’ म्हणणारा, हे प्रमाण पुष्कळशा सभांना हितकारक ठरेल!

हे गाबा काही मेंदूपुरते राखून ठेवलेले द्रव्य नव्हे. बटाट्यासारख्या वनस्पतींत ते आधीच आढळले होते. १९५० साली युजीन रॉबर्ट्स आणि सॅम फ्रँकेल यांनी अमेरिकेत उंदराच्या मेंदूत ते मोठ्या प्रमाणावर असल्याचे दाखवले. पण ते तेथे करते काय? अर्न्स्ट फ्लोरी यांना गुरांच्या मेंदूच्या अर्कात असे काहीतरी सापडले होते की, जे झिंग्याच्या जातीच्या गोड्या पाण्यातल्या प्राण्याच्या चेतापेशीवर टाकले की ती पेशी गप्प होई. १९५७ साली माँट्रियाल येथे फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ‘काहीतरी’ म्हणजे गाबाच, असे सिद्ध केले. तरीही विद्वानांची खात्री पटायला आणखी दहा वर्षे लागली. पुरावा लहान प्राण्याचा असला की थोरांना तो पटायला वेळ लागतो, हा अनुभव विज्ञानाबाहेरही येतो.

गाबा तयार होते ते ग्लुटामेटपासूनच. चेतवणाऱ्या द्रव्याचा एक तुकडा कापला की आवर घालणारे द्रव्य तयार होते, ही निसर्गाची काटकसर पाहण्यासारखी आहे. ही कापणी करणारे एक एंझाइम आहे. एंझाइम म्हणजे स्वतः न संपता दुसऱ्या पदार्थांत बदल घडवून आणणारे प्रथिन. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. या एंझाइमाला हत्यार म्हणून ब-६ जीवनसत्त्व लागते. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत एका प्रकारच्या डबाबंद दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांना झटके येऊ लागले. शोध घेता असे दिसले की, दूध तापवण्याच्या प्रक्रियेत त्यातील ब-६ नष्ट होत होते. मुलांना ते जीवनसत्त्व देताच झटके थांबले. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड हे औषध १९५२ पासून वापरात आहे; तेही ब-६ च्या कामात अडथळा आणते. म्हणून ते प्रमाणाबाहेर पोटात गेले तर फिट येते आणि त्यावर उतारा ब-६ चाच देतात. ही दोन उदाहरणे अशासाठी सांगितली की, मेंदूतील आवर ही ‘मनाच्या निग्रहा’ची गोष्ट नाही, तिला सामग्री लागते, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

आता ग्राहीकडे वळू. गाबाचे जे मुख्य ग्राही आहेत, त्यांना शास्त्रज्ञ गाबा-अ म्हणतात. त्याची रचना पाच तुकड्यांची आहे. पिंपाच्या फळ्या वर्तुळात उभ्या कराव्यात, तसे पाच प्रथिनतुकडे पेशीच्या कातडीत आरपार उभे असतात आणि मध्ये एक बोगदा असतो. एरवी बोगदा बंद असतो. बाहेरून गाबाचे दोन कण येऊन आपापल्या खोबणीत बसले की बोगदा क्षणभर उघडतो आणि बाहेरचे क्लोराइडचे कण आत शिरतात. क्लोराइड म्हणजे आपल्या मिठातला एक भाग. त्यावर ऋण विद्युतभार असतो. तो आत गेला की पेशीचा आतला भाग अधिक ऋण होतो आणि तिला पेटवणे अवघड जाते. एवढीच ती आवर घालण्याची युक्ती. अर्धे मीठ आणि एक दार!

पाच तुकडे म्हटले, पण ते तुकडे एकाच जातीचे नसतात. माणसात अशा तुकड्यांचे १९ प्रकार आहेत. त्यांना अल्फा, बीटा, गॅमा अशी नावे व पुढे क्रमांक आहेत. मेंदूत सर्वांत जास्त आढळणारी जुळणी म्हणजे दोन अल्फा, दोन बीटा आणि एक गॅमा. कोणत्या पेशीत कोणते तुकडे बसवले आहेत, यावर त्या दाराचा स्वभाव ठरतो. हे ध्यानात ठेवावे. पुढे याचे काम पडणार आहे.

गंमत अशी की, या दारावर काम करणारी औषधे माणसाने दाराचा पत्ता लागण्याच्या पुष्कळ आधी वापरली. फेनोबार्बिटल हे औषध अपस्मारावर १९१२ पासून दिले जाते, म्हणजे मेंदूत गाबा आहे हे कळण्याच्या ३८ वर्षे आधीपासून. लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली आणि डायझेपाम १९६३ साली बाजारात आले. ही औषधे स्वतः दार उघडत नाहीत. डायझेपामच्या जातीची औषधे अल्फा आणि गॅमा तुकड्यांच्या सांध्यात बसतात आणि गाबा आले असता दार अधिक वेळा उघडेल असे करतात. फेनोबार्बिटल दार उघडे राहण्याचा अवधी वाढवते. दाराच्या तुकड्यांची घडण सांगणारा जनुकीय मजकूर १९८७ साली हाती आला, आणि माणसाच्या दाराचे संपूर्ण चित्र २०१८ च्या सुमारास स्पष्ट झाले.

येथवर सांगितले ते बाहेरच्या बाजूचे. बाहेरून गाबा येते, दार उघडते. पण दाराच्या आतल्या अंगाला, पेशीच्या पोटात, काय चालते? आजच्या व्याख्यानाचा गाभा तेथे आहे.

पेशीच्या आत काही एंझाइमांचे काम निरोप पोचवण्याचे असते. यांपैकी एका मोठ्या कुळाला कायनेज म्हणतात. माणसात त्याचे पाचशेहून अधिक सभासद आहेत. कायनेज एखाद्या प्रथिनाच्या ठरावीक जागी फॉस्फेटचा एक छोटा गट चिकटवते. त्याच्या उलट काम करणारे फॉस्फेटेज तो गट काढून टाकते. चिकटवणे आणि काढणे, शिक्का मारणे आणि शिक्का पुसणे. फॉस्फेट चिकटले की प्रथिनाचा आकार किंवा त्याची वागणूक बदलते. निघाले की ते पूर्ववत होते. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास हे प्रथम स्नायूंत दाखवले. त्याच दशकात अर्ल सदरलँड यांनी यकृताचा अभ्यास करताना आणखी एक कडी शोधली. ॲड्रेनलिन पेशीच्या आत शिरत नाही. ते बाहेरून दार ठोठावते आणि आत चक्रीय एएमपी नावाचा दुसरा निरोप्या जन्माला येतो. हा निरोप्या एका विशिष्ट कायनेजला जागे करतो. त्या कायनेजला आपण ‘कायनेज-अ’ म्हणू. सदरलँड यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, फिशर आणि क्रेब्स यांना १९९२ साली. यकृत आणि स्नायू यांत चालणारा हा व्यवहार मेंदूतही चालतो, हे दाखवणारे पॉल ग्रीनगार्ड यांना २००० साली दोघांसह ते मिळाले.

गाबाचे दार हेही प्रथिनच. मग त्यावरही शिक्के पडत असतील काय? पडतात. बीटा आणि गॅमा तुकड्यांचा जो पट्टा पेशीच्या आत लोंबतो, त्यावर शिक्क्यांच्या नेमक्या जागा आहेत. स्टीफन मॉस, ट्रेव्हर स्मार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवले की, कायनेज-अ ने बीटा तुकड्यावर फॉस्फेट चिकटवले असता दारातून वाहणारा प्रवाह बदलतो. मग १९९८ साली याच मंडळींनी एक विलक्षण गोष्ट पुढे आणली. तेच कायनेज, तोच शिक्का. पण दारात बीटा-१ जातीचा तुकडा असेल तर प्रवाह कमी होतो, बीटा-३ असेल तर प्रवाह वाढतो आणि बीटा-२ असेल तर काहीच फरक पडत नाही. कारण काय? बीटा-१ मध्ये शिक्क्याची एक जागा आहे. बीटा-३ मध्ये तिच्या लगत दुसरी जागा आहे आणि तेथे दोन शिक्के पडतात. शेजारच्या एका जागेच्या फरकाने हुकमाचा अर्थ उलटा होतो.

बंधुभगिनींनो, मी हे वाचले तेव्हा मला आमच्या धंद्यातली एक रीत आठवली. जॉबर एकच असतो, हुकूमही एकच असतो, ‘वेग वाढवा’. एका मागावर त्याने कापड वाढते, दुसऱ्यावर नुसते धागे तुटतात, तिसरा माग जुना असतो, तो ऐकतच नाही. दोष किंवा गुण केवळ हुकमात शोधून चालत नाही. हुकूम कोणावर पडतो हे पाहावे लागते. तेव्हा ‘अमुक एंझाइम मेंदू शांत करते’ किंवा ‘तमुक रसायन मेंदू चेतवते’ असे कोणी ठोकून सांगू लागला, तर ‘कोणत्या पेशीत आणि कोणत्या दारावर?’ हा प्रश्न त्याला अवश्य विचारावा. बाजारात मेंदूच्या गोळ्या विकणारे फार झाले आहेत, म्हणून हे सांगतो.

दुसरी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ही एंझाइमे पेशीत मोकाट हिंडत नाहीत. कायनेज-अ ला दाराच्या शेजारीच बांधून ठेवणारी प्रथिने असतात. त्यामुळे निरोप आला की काम जागच्या जागी आणि तत्काळ होते. हे निरोप तरी कोठून येतात? नॉरॲड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही जी इतर संदेशद्रव्ये आहेत, ती पेशीच्या बाहेरून ही आतली साखळी हलवतात. लहान मेंदूतील मोठ्या पेशींवर नॉरॲड्रेनलिन आले असता गाबाचा परिणाम वाढतो, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे भीती, झोप, सावधपणा यांच्याशी संबंधित द्रव्ये आवर घालणाऱ्या दारांना आतून कसत असतात किंवा सैल करीत असतात. लगाम एक आहे, पण तो धरणारे हात अनेक आहेत.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची. ही दारे भिंतीत चुन्याने पक्की बसवलेली नाहीत. ती पेशीच्या कातडीवर सरकतात, फटीसमोरच्या मोक्याच्या जागी गोळा होतात, तेथून पांगतात. पेशी त्यांना आत ओढून घेते आणि पुन्हा बाहेर आणून बसवते. हजेरीपटावर नावे तेवढीच असतात, पण जागेवर किती जण उभे आहेत यावर काम ठरते. आत ओढण्याचे काम करणारी एक यंत्रणा आहे. ती बीटा-३ च्या पट्ट्याला पकडते. ती कोठे पकडते? शिक्का पडण्याच्या जागीच. फॉस्फेट चिकटलेले असेल तर तिची पकड बसत नाही आणि दार जागेवर राहते. फॉस्फेट निघाले की पकड बसते आणि दार आत जाते. हे २००५ साली सिद्ध झाले. गॅमा तुकड्यावरही असेच शिक्के आहेत. तेथील एका जागेचा शिक्का कॅल्सिन्युरिन नावाचे फॉस्फेटेज पुसते, आणि मग दारे मोक्याच्या जागेवरून पांगतात. हे कॅल्सिन्युरिन जागे कशाने होते? पेशीत कॅल्शियम शिरल्याने. आणि कॅल्शियम केव्हा शिरते? पेशी फार चेतली म्हणजे.

या चार वाक्यांचा अर्थ एकत्र जोडून पाहा. पेशी फार चेतल्या की कॅल्शियम आत येते. कॅल्शियम शिक्का पुसणाऱ्याला जागे करते. शिक्का पुसला की आवर घालणारी दारे जागा सोडतात. दारे गेली की पेशी आणखी चेततात. थोड्या प्रमाणात हे उपयोगाचे आहे; काही नवे शिकताना आवर जरा ढिला व्हावाच लागतो. परंतु फिट थांबली नाही आणि चालूच राहिली, तर हेच चक्र घातक होते. आग लागली असताना पाण्याचे नळ एकामागून एक बंद होत जावेत, तसा हा प्रकार आहे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांना दीर्घ फिट आणली होती. फिट सुरू होऊन १० मिनिटे झाली असता डायझेपामची जी मात्रा पुरत होती, तिच्या सुमारे दहापट मात्रा ४५ मिनिटांनी लागली. २००५ साली दिसले की, तासाभराच्या फिटनंतर उंदरांच्या मेंदूत प्रत्येक सांध्यावरची गाबाची दारे जवळजवळ निम्मी झाली होती. २००८ साली असेही आढळले की, अशा दीर्घ फिटमध्ये बीटा-३ वरचे शिक्के कमी होतात. डायझेपाम हे दारावर बसणारे औषध. दारच जागेवर नसेल तर औषधाने बसावे कोठे? औषध तेच, सुई तीच, डॉक्टरही तेच. पण वेळ गेली.

माणसांविषयी काय? २०१२ साली अमेरिकेत रुग्णवाहिकांमध्ये एक मोठी चाचणी झाली. फिट चालू असलेल्या रोग्यांपैकी काहींना शिरेतून लोरॅझेपाम दिले, काहींना मांडीच्या स्नायूत मिडाझोलाम टोचले. दोन्ही औषधे याच दारावर काम करणारी आहेत. रुग्णालयात पोचेपर्यंत फिट थांबलेली होती असे रोगी पहिल्या गटात १०० पैकी ६३ निघाले, दुसऱ्यात ७३. हात झटकत असलेल्या माणसाची शीर शोधण्यात वेळ जातो. मांडी लगेच सापडते. दुसऱ्या गटाला औषध आधी मिळाले. मिनिटांचा हिशोब असा असतो. म्हणूनच जगभरचे डॉक्टर आता पाच मिनिटांपलीकडे गेलेली झटक्यांची फिट ही तातडीची अवस्था मानतात. पूर्वी अर्धा तास मोजत असत.

आणि आपण ती पाच मिनिटे कशात घालवतो? जोडा शोधण्यात! फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल किंवा कांदा लावायचा, मुठीत किल्ल्या कोंबायच्या, दातांत चमचा घालायचा. एका कारखान्यात माझ्यासमोर असा प्रकार झाला. माणूस तरुण, मागाखालच्या जागेत पडलेला. शेजारचा माग चालूच होता, आणि सात-आठ जण चप्पल कोणाची जास्त जुनी याची चर्चा करीत होते. फिट आपोआप थांबली, बहुतेक फिटी दोन-तीन मिनिटांत थांबतातच. आणि श्रेय मिळाले चपलेला. या श्रेयानेच ही रूढी टिकली आहे. नाकाशी धरलेल्या चामड्याच्या वासाने पेशीतल्या एकाही दारावर फॉस्फेटचा शिक्का पडत नाही.

तेव्हा जे करावे ते थोडक्यात सांगतो. प्रथम यंत्र बंद करावे आणि अणकुचीदार वस्तू दूर साराव्यात. घड्याळ पाहावे. डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे बटण सोडावे, झटके ओसरू लागताच त्या माणसाला कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबावे. फिट पाच मिनिटांपलीकडे गेली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, किंवा ही त्याची पहिलीच फिट असली, किंवा बाई गरोदर असली, किंवा डोक्याला मार लागला असला, तर १०८ ला फोन करावा. ज्यांच्या घरी अपस्माराचा रोगी आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा घरात ठेवता येईल काय, याची चौकशी करावी. दारे जागेवर आहेत तोवर औषध पोचावे, हा त्यातला हेतू आहे.

याच दारांशी निगडित असा दुसरा प्रश्न आमच्या वस्त्यांत घरोघरी आहे, तो दारूचा. दारू अनेक ठिकाणी काम करते. गाबाच्या दारांचा परिणाम वाढवणे आणि ग्लुटामेटचा परिणाम घटवणे हे त्यांतले दोन प्रमुख परिणाम. रोज बाहेरून असा आवर मिळू लागला की मेंदू आपला स्वतःचा आवर कमी करून हिशोब जुळवतो. या जुळवाजुळवीतही कायनेजांचा हात आहे. १९९९ साली उंदरांत असे दिसले की, कायनेज-सी कुळातील एक विशिष्ट एंझाइम नसलेले उंदीर दारूला आणि डायझेपामच्या जातीच्या औषधांना फार लवकर बळी पडतात आणि आपण होऊन दारू कमी पितात. म्हणजे ते एंझाइम एरवी दाराला या द्रव्यांपुढे काहीसे ताठ ठेवत असते.

व्यवहारात याचा अर्थ असा. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला नवस म्हणून, शपथ म्हणून किंवा कोंडून घालून एकदम दारू तोडायला लावली, तर बाहेरचा आवर जातो आणि आतला आवर तर आधीच कमी झालेला असतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते; दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर आणि ताप येऊन माणूस दगावूही शकतो. आपले लोक म्हणतात, ‘देवाची शपथ मोडली म्हणून झाले.’ शपथ मोडली म्हणून नव्हे. शपथ डॉक्टरांना न विचारता घेतली म्हणून झाले. दारू सुटलीच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण जुन्या पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देऊन आणि ते हळूहळू कमी करीत नेऊन ती सुरक्षितपणे सोडवता येते.

आपणांपैकी कोणी विचारील की, शिक्क्यांचे हे सारे गणित कळले आहे, तर शिक्का टिकवणारे औषधच का काढू नये? प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की, हीच कायनेजे आणि फॉस्फेटेजे हृदयात, यकृतात, रक्तपेशींत वेगवेगळी कामे करतात. कॅल्सिन्युरिनला अडवणारी औषधे आज आहेत. मूत्रपिंड बदलल्यानंतर शरीराने ते नाकारू नये म्हणून ती देतात, आणि त्यांनी काही रोग्यांना उलट फिटच येते. कारखान्यातील सगळ्या खात्यांची वीज एकाच बटणावर असावी आणि आपल्याला एकच पंखा बंद करायचा असावा, तसा हा पेच आहे. एकाच दारावरच्या एकाच शिक्क्याला हात घालणारे औषध शोधणे हे पुढचे काम आहे. दरम्यान जी जुनी, स्वस्त औषधे हाताशी आहेत ती वेळेवर आणि नियमित मिळणे, हे आजचे काम आहे.

त्या कामात केवळ विज्ञान पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर १०० पैकी ७० जण फिटविना जगू शकतात. तरी कितीतरी जण गोळी लपून घेतात किंवा घेतच नाहीत. का? कारण सांगितले तर काम जाते आणि लग्न मोडते. आपल्या देशात हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारा अपस्मार हा लग्नाला बाध आणणारा दोष म्हणून वेडाच्या शेजारी लिहिलेला होता; तो शब्द १९९९ साली काढून टाकला. कायद्यातून शब्द गेला, माणसांच्या मनातून गेलेला नाही. मघाशी सांगितलेल्या त्या तरुणाला दुसऱ्या दिवशी मालकाने हिशोब दिला. त्याची फिट आटोक्यात ठेवणारी गोळी काही रुपयांची होती आणि त्याला चालत्या यंत्रापासून दूर, घडी घालण्याच्या किंवा मोजणीच्या कामावर ठेवता आले असते. आम्ही भांडलो आणि तीन महिन्यांनी तसे काम मिळवून दिले. पण त्या तीन महिन्यांत पगार नाही म्हणून त्याच्या गोळ्या बंद होत्या आणि त्या काळात त्याला फिट पुन्हा आली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, पगारपत्रक आणि पेशीतला शिक्का या फार दूरच्या गोष्टी नाहीत. गोळीत पडलेला खंड मेंदूला लगेच कळतो.

म्हणून मी हा विषय निवडला. मजुरीवाढीवर मी पुन्हा केव्हातरी बोलेनच, त्याची काळजी नसावी. आज एवढेच मागणे आहे की, घरी गेल्यावर आपण हे एकमेकांना सांगावे : फिट म्हणजे भूतबाधा नव्हे, कोणाचा शाप नव्हे, ती आवर घालणारी दारे कमी पडल्याची खूण आहे. ज्याला ती आहे त्याची गोळी चुकू देऊ नये, त्याचे काम जाऊ देऊ नये, आणि त्याला फिट आली तर चपलेकडे न पाहता घड्याळाकडे पाहावे.